मर : सव्वीस

वनखात्याच्या अर्जात झाडांच्या रकान्यावर
कानडीत एकच शब्द असतो : मर.
म्हणजे झाड.
पस्तीस वर्षं वाचतोय मी ही लिपी,
तरी डोळा आधी मराठीतून दचकतो.
मर : सव्वीस.

दीड एकराचं मालकी रान, जांबोटीच्या वरच्या अंगाला.
वडलांनी कधी लावलं नाही, कधी तोडलंही नाही,
फक्त दर मार्गशीर्षात कडेनं जाळरेषा काढायचे,
आणि परतताना कोयता खांद्यावर घेऊन
एकेका बुंध्याला हात लावत यायचे,
हजेरी घेतल्यासारखे.

गार्ड मडिवाळर वही मांडीवर घेऊन बसला.
मी म्हटलं ऐन, त्यानं लिहिलं मत्ती.
मी म्हटलं नाणा, त्यानं लिहिलं नंदी.
मी म्हटलं बिबळा, त्यानं लिहिलं होन्ने,
आणि साल खरवडून लाल चीक दाखवत म्हणाला,
याला माझी आजी औषध म्हणायची, सर.
किंदळ मात्र दोघांच्याही तोंडी किंदळच.
तिथं जरा वेळ आम्ही पाणी प्यालो.

मग दुंडाप्पा अडत्यानं टेप टाकला.
घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी.
आठ फूट घेर, पंधरा फूट ओंडका : साठ घनफूट.
मी आयुष्यभर सातवीला वर्तुळ शिकवलं.
मनातल्या मनात केलं :
शहात्तर.
‘सोळा कुठं गेले, दुंडाप्पा?’
तो हसला, सुपारी गालात सरकवली,
‘झाड गोल असतंय, गुरुजी,
फळी चौकोनी असते की ओ.’

याच्यावर उत्तर नव्हतं माझ्याकडं.
अजूनही नाही.
प्रत्येक खोडातले ते चार कोपऱ्यांबाहेरचे तुकडे
कुणाच्याच खात्यावर चढले नाहीत.
पारंब्या नसलेल्या त्या रानात
मी पहिल्यांदा हिशेब करत उभा होतो
आणि झाडं, मला वाटतं, ओळखत नव्हती मला.

साखळीहून कुंदा आली सहीला.
गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरात, बांबोळीला.
रानात आली नाही, काठी टेकत बांधावर थांबली.
‘तो वाकडा आहे का रे अजून,
ज्याच्यावरून पडले होते मी?’
आहे, म्हटलं. एकोणिसावा.
‘त्याला किती येतील?’
वाकड्याला जळणाचा भाव, म्हटलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, ‘माझं हाड बरं जुळलं होतं.’
आणि जिथं दाखवलं तिथं सही केली,
माहेरच्या आडनावानं, चुकून,
म्हणून पुन्हा एक कागद टाइप करून आणावा लागला खानापुरातून.

चार दिवस यंत्र चालू होतं.
बुंध्यावर आणि ओंडक्यावर
मडिवाळरनं हातोड्यानं एकच आकडा ठोकला,
उद्या कुणी विचारलं
तर हे याचंच होतं म्हणून सांगता यावं.
लॉरीचा पास संध्याकाळी सहापर्यंतचा.
पावणेसहाला ती वळणावर दिसेनाशी झाली
आणि मागच्या धुळीत भुशाचा वास, गोडसर,
ऐनाचा की नाण्याचा, मला सांगता आला नाही.

पैसे ठरले तेवढे आले. दुंडाप्पा शब्दाचा पक्का.
कुंदाचा अर्धा हिस्सा त्याच दिवशी पाठवला,
वर सोळाच्या हिशेबानं काही घालावेत असं आलं मनात,
पण ते पैसे मलाही मिळालेले नव्हते.

आता सकाळी सव्वासातलाच
ऊन थेट स्वयंपाकघरात शिरतं.
बायको तव्यासमोर डोळ्यांवर हात धरून उभी राहते,
म्हणते, खिडकीला काहीतरी लावा.
मी फडकं शोधत मागच्या दारी जातो.
एकोणिसाव्याच्या खुंटाला, सालीच्या कडेनं,
तांबूस कोंब आलेत.
मी मोजले.
सवयच ती.
मग वहीत नाही लिहिले.